कोंबडा एक, कोंबड्या दहा

भाकऱ्या उरकल्या असतील तर टेका जरा, नसतील उरकल्या तर थापता थापता ऐका. आम्ही वाडीवरच्या बचत गटाच्या बाया. मागच्या खेपेला आम्ही पिल्लांच्या लसीवर बोललो होतो. त्यानंतर जे फोन आले, त्यातल्या बऱ्याच जणींनी लसीचं काही विचारलंच नाही. त्यांनी विचारलं ते असं: कोंबडीची पाठ उघडी पडलीय, पिसं गेलीत, कातडं लाल दिसतंय, हा कुठला रोग? दोघी-तिघींनी तर औषध आणून पाजलंही होतं. म्हणून आज त्यावरच बोलायचं ठरवलं.

पुष्कळ घरांत त्या रोगाचं नाव कोंबडा असतं.

पण आधी खात्री करून घ्या. कोंबडी हातात घ्या आणि पिसं नेमकी कुठली गेलीत ते बघा. पाठीच्या मधोमध, पंखांच्या खांद्यावर आणि डोक्यामागं, मानेच्या वरच्या बाजूला टक्कल पडलं असेल, तर काम कोंबड्याचं. कोंबडा कोंबडीवर चढतो तेव्हा चोचीनं तिच्या मानेची पिसं धरतो आणि पायांनी पाठीवर तोल सांभाळतो. तिथलीच पिसं घासून तुटतात. शेपटीच्या बुडाशी, अंडं पडतं त्या जागेभोवती पिसं गेली असतील, तर दुसऱ्या कोंबड्या टोचत असणार, नाहीतर उवा झाल्या असणार. बोटानं पिसं उलटी करून कातड्यावर बघितलं की उवा पळताना दिसतात. आणि अंगभर थोडी थोडी पिसं गळून खालून नवीन कोंब येत असतील, तर ती पिसं टाकतेय. दरवर्षी टाकते. त्याला काही करायचं नाही, तेवढे दिवस अंडी कमी मिळतात इतकंच.

आता कोंबड्यानं कोंबडीवर चढणं यात वावगं काही नाही. चांगला कोंबडा आधी एक पंख खाली सोडून तिच्याभोवती तिरका फिरतो, ती बसली तर चढतो, दोन-चार सेकंदांत उतरतो. ती अंग झटकते आणि चरायला लागते. एखादं-दुसरं पीस गेलं तर गेलं. काळजी करायची ती वेगळी चिन्हं दिसली तर. कोंबडी सकाळी खुराड्यातून खाली उतरत नाही. दाणे टाकले तरी लांब उभी राहते. कोंबडा दिसला की ओरडत पळते, कौलावर नाहीतर गोठ्याच्या माळ्यावर जाऊन बसते. पंखाखाली, बरगडीवर चिरल्यासारखी जखम दिसते. ती कोंबड्याच्या पायामागच्या काट्यानं झालेली असते, आणि पंखाखाली असल्यामुळं आठ-आठ दिवस कुणाच्या ध्यानात येत नाही. अंडी घटतात. नाहीतर ती खुराड्यात अंडं घालायचं सोडून कुंपणात, कडब्याच्या गंजीत घालते आणि ते मुंगूस खातं.

आमच्या गटातल्या एका जाऊबाईंकडं हेच झालं. घरच्या सात गावरान कोंबड्या आणि एक जुना कोंबडा. कुणाचं भांडण नाही, तंटा नाही. त्यात त्यांनी बारा सुधारित जातीची पिल्लं आणली. पिल्लं विकताना नर-मादी निवडून देत नाहीत, जशी निघतील तशी देतात. म्हणजे साधारण निम्मे नर धरूनच चालायचं. त्यांच्या नशिबी सात निघाले. पाच महिन्यांत ते सात कोंबडे तुऱ्यापर्यंत लालबुंद झाले. त्यांच्याबरोबरच्या तलंगा अजून अंड्यावर आल्या नव्हत्या. मग हे सातजण गेले कुणाच्या मागं? जुन्या कोंबड्यांच्या. एकीला एक धरतोय तोवर दुसरा येतोय, तिसरा येतोय. जाऊबाई रोज तीन-चार अंडी गोळा करायच्या, ती एकावर आली. एक कोंबडी उकिरड्यापाशी मेलेली सापडली. घरात सगळ्यांनी ठरवलं, मानमोडी आली. मानमोडी आली असती तर एकटी कोंबडी गेली नसती, सगळं खुराडं बसलं असतं. मेलेली कोंबडी उलटी केली तेव्हा दिसलं, पाठीचं कातडं फाटून आतलं मांस उघडं पडलं होतं.

यात दोन गोष्टी एकदम झाल्या. पहिली, संख्या. दहा कोंबड्यांमागं एक कोंबडा पुरतो. गावरान हलका असेल तर बारालाही पुरतो. आठ कोंबडे सात कोंबड्यांमागं हा हिशोबच नाही. दुसरी, वजन. आपली गावरान कोंबडी सव्वा ते दीड किलोची. गिरिराज, वनराज या जाती मांस आणि अंडी दोन्हीसाठी तयार केल्यात, त्यांचा पुरा वाढलेला कोंबडा तीन किलोच्या पुढं जातो. दीड किलोच्या पाठीवर तीन किलो दिवसातून किती वेळा तोलायचे? डोक्यावरच्या हंड्याचं वजन आपल्याला माहीत आहे, तेव्हा जास्त सांगायला नको. तलंगा वेगळ्या जातीच्या आणि मोठ्या असतील तर त्यांच्यात हा कोंबडा चालतो. गावरान कोंबड्यांत गावरानच बरा.

मग ते जादा कोंबडे विकत का नाहीत? इथं खरी गोम आहे. कोंबड्या बाईच्या, पण कोंबडा घराचा असतो. मालक म्हणतात, रुबाबदार दिसतोय, राहू दे दारात. सासूबाई म्हणतात, हा म्हसोबाला बोललाय, जत्रेपर्यंत हात लावायचा नाही. पोरगा म्हणतो, दिवाळीला भाव येईल. प्रत्येकाचं बोलणं आपापल्या जागी खरं. पण तोवर खातंय कोण? पुरा वाढलेला कोंबडा दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास दाणा खातो. सगळा दाणा घरचा धरला, तर पाच जादा कोंबडे दिवसाला अर्धा किलो खाणार, तीन महिन्यांत पंचेचाळीस किलो. बाहेर चरून निम्मं भागलं असं धरा, तरी वीस-बावीस किलो ज्वारी-बाजरी गेली. वर अंडी घटली ती वेगळीच. आमच्या बाजारात गावरान अंडं दहा रुपयांच्या खाली जात नाही. त्या पैशातून वहीपेन येतं, दवाखान्याची चिठ्ठी निघते, गटाचा हप्ता जातो. घरातल्या बाकीच्यांच्या डोळ्यांत ते पैसे भरत नाहीत कारण ते एकदम हातात येत नाहीत. म्हणून आम्ही एक केलं. महिन्याच्या बैठकीत हप्त्याच्या वहीतच मागच्या पानावर प्रत्येकीच्या कोंबड्या किती, कोंबडे किती आणि अंडी किती विकली ते लिहायला लागलो. घरात बोलताना तोंडी सांगितलेलं कुणी ऐकत नाही, वही उघडून दाखवली की ऐकतात. जाऊबाईंनी तेच केलं. सातातले सहा आणि जुना एक, असे सात कोंबडे दोन आठवड्यांत गेले. राहिला तो म्हसोबाला बोललेला. त्याला वेगळं झाकून ठेवतात. गावरान कोंबडा नात्यातून आणला. महिनाभरात अंडी पुन्हा तीनावर आली.

विकण्याचा वेळ साधला तर भावही चांगला मिळतो. आखाडात, गटारीच्या आधी, कोंबड्याला जी मागणी असते ती श्रावणात राहत नाही. मार्गशीर्षातल्या गुरुवारांतही बाजार थंड. नवरात्र असंच. तेव्हा पिल्लं फाल्गुनात आणली, तर आखाड संपेपर्यंत ती साडेचार महिन्यांची होतात. म्हणजे कोंबडे मस्तीला येतात त्याच सुमाराला गिऱ्हाईक दारात येतं. श्रावण उजाडल्यावर जादा कोंबडे दारात उरले, तर ते दोन-तीन महिने सांभाळावे लागतात आणि त्याच महिन्यांत कोंबड्यांची पाठ जाते. त्यातूनही ठेवावेच लागले, तर सगळे तरणे कोंबडे एका वेगळ्या खोपीत ठेवा, कोंबड्या नजरेलाही पडणार नाहीत अशा. समोर कोंबडी नसली की ते आपसांतही फारसे भांडत नाहीत.

एक प्रश्न आम्हाला दर वेळी येतो. कोंबडा नसला तर कोंबड्या अंडी द्यायच्या थांबतील का? नाही थांबत. कोंबडी अंडं तिच्या अंगानं देते, कोंबडा असो नसो. कोंबडा लागतो तो अंड्यात पिल्लू धरायला. पोल्ट्रीतल्या पिंजऱ्यातल्या हजारो कोंबड्यांना जन्मात कोंबडा दिसत नाही, अंडी रोज येतात. उलट विकायच्या अंड्यांना कोंबडा नसलेलाच बरा. कोंबड्याच्या अंड्यात उन्हाळ्याच्या उकाड्यानं जीव धरायला लागतो आणि चैत्र-वैशाखात ते लवकर नासतं. बिनकोंबड्याचं अंडं जास्त दिवस टिकतं. ज्यांच्याकडं चार-पाचच कोंबड्या आहेत आणि पिल्लं काढायची नाहीत, त्यांनी कोंबडा पाळलाच पाहिजे असं काही नाही. शेजारणीचा आहे तो पुरे.

शेजारणीचा पुरतो तो कसा, तेही ऐका. एकदा कोंबडा लागला की त्याचं बीज कोंबडीच्या पोटात आठ-दहा दिवस तरी जिवंत राहतं आणि तेवढ्या दिवसांची अंडी फळतात. म्हणजे कोंबडा चोवीस तास मोकळा सोडायची गरज नाही. खुडूक कोंबडी बसवायची असेल तेव्हा आठ दिवस आधीपासून कोंबडा सोडा. मग रोजची अंडी तारीख लिहून गार जागी ठेवा, सात दिवसांपेक्षा जुनी घालू नका, आणि दहा-बारा अंड्यांवर तिला बसवा. एरवी कोंबडा डालग्याखाली. कोंबडा सगळ्यात जास्त चढतो तो दुपार कलल्यावर, कोंबड्या खुराड्याकडं परतायच्या वेळी. ज्यांना अंगणात कोंबडा हवाच आहे, त्यांनी निदान तीन वाजल्यापासून दिवस मावळेपर्यंत त्याला डालग्याखाली ठेवा. कोंबडं झाकलं म्हणून सूर्य उगवायचा राहत नाही असं म्हणतात. नाही राहत, पण कोंबडीची पाठ वाचते. डालग्यात पाणी आणि दाणा ठेवायला विसरू नका. त्याला सावलीत ठेवा, आणि डालगं एवढं मोठं घ्या की तो उभा राहून वळू शकेल.

आता ठेवायचा एक, तो कुठला? बहुतेक घरी तुरा बघून ठेवतात, वजन बघून ठेवतात. आम्ही म्हणतो वागणं बघा. एका सकाळी मूठभर दाणे टाका आणि बाजूला उभं राहा. चांगला कोंबडा दाणा चोचीत उचलतो, खाली टाकतो, कुक-कुक करून कोंबड्यांना बोलावतो आणि त्या खाईपर्यंत मान वर करून घार-शिकरा बघत उभा राहतो. वाईट कोंबडा आधी स्वतः खातो, आणि दाण्याला आलेल्या कोंबडीची मान धरतो. पंख खाली सोडून फिरणं नाही, काही नाही, सरळ झडप. तरण्या कोंबड्याला थोडी सवलत द्यावी, वर्षाचा होईपर्यंत काही जण सुधारतात. जुनी खमकी कोंबडी असली तर तीच त्याला दोन टोचा देऊन वळण लावते. पण वर्ष उलटूनही धसमुसळेपणा गेला नाही, तर तो विकावा, आणि त्याच्या अंड्यांची पिल्लं धरू नयेत. स्वभावही पुढं उतरतो. असील जातीचा कोंबडा तर झुंजीसाठीच जोपासलेला, दिसायला देखणा, पण परसातल्या कळपात जपून. आणि झुंजी लावण्यासाठी कुणी घरात कोंबडा ठेवत असेल, तर त्यांना सांगा की १९६० च्या प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धच्या कायद्यानं तो गुन्हा आहे.

कोंबडा एकच असला तरी कधी कधी तो एकाच कोंबडीच्या मागं लागतो. बाकीच्या सगळ्या नीट, हिची पाठ उघडी. अशा कोंबडीसाठी आम्ही झूल शिवतो. पोळ्याला बैलाला घालतो तशीच, फक्त वीतभर. जुन्या सुती लुगड्याचा किंवा गोधडीच्या तुकड्याचा दुहेरी कापड घ्यायचा, मानेकडं अरुंद, शेपटीकडं रुंद. मानेच्या टोकाला दोन्ही बाजूंना इलॅस्टिकचे फास शिवायचे आणि ते फास तिच्या दोन्ही पंखांतून घालून खांद्यावर बसवायचे. पंख मोकळे राहिले पाहिजेत, आणि फासात आपलं बोट सहज गेलं पाहिजे. पहिल्या दिवशी ती मागं मागं सरकते, गोल फिरते, सगळी वाडी हसते. दुसऱ्या दिवशी विसरते. कोंबड्याची नखं मग कापडावर घासतात आणि खाली पिसं यायला सवड मिळते. तीन-चार दिवसांनी झूल काढून उवा बघायच्या, धुऊन वाळवून परत घालायची. पावसात भिजली तर लगेच काढायची. कडक उन्हाळ्यात दुपारी काढून ठेवलेली बरी. जखम ओली असताना झूल घालू नका, आत चिघळते. मुळातून उपटलेलं पीस महिना-दीड महिन्यात परत येतं. अर्धं तुटून बुडखा राहिला असेल, तर पुढची पिसं टाकीपर्यंत तिथं नवीन येत नाही. तेव्हा झूल फुकट गेली म्हणून चिडू नका.

पिसं यायला अंगात सकस अन्न लागतं. नुसत्या कणीवर पिसं येत नाहीत. वाळवीचा मातीसकट खडा, शेणखतातले किडे, मूठभर सुकट, शेंगदाण्याची पेंड, यातलं जे असेल ते द्या. पेंडीला बुरशी लागली असेल तर ती कोंबडीलाही नको आणि शेळीलाही नको.

जखम झाली असेल तर कोंबडी आधी वेगळी करा. लाल दिसलं की बाकीच्या कोंबड्याही टोचायला येतात. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ टाकून जखम धुवा, पुसा, खोबरेल तेलात हळद कालवून लावा. रोज बघा, माशी बसू देऊ नका. पावसाळ्यात दोन दिवसांत अळ्या पडतात. कातडं फाटून लोंबत असेल, अळ्या पडल्या असतील, तर घरी खटपट न करता सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. कोंबडीसाठी कुठं दवाखाना, म्हणून हसतील. हसू द्या. शेळी नेतो तशीच ही न्यायची.

कोंबड्याचा काटा वाढला असेल तर रात्री, तो झोपेत असताना, दोघींनी मिळून करायचं काम आहे. एकीनं फडक्यात गुंडाळून धरायचा, दुसरीनं टोक कानशीनं घासून बोथट करायचं. फक्त टोक. आत हाड आणि रक्त असतं, बुडाशी कापलं तर रक्त थांबत नाही. नखांची टोकंही तशीच घासावीत.

खुराड्याचं थोडं सांगतो. रात्रीच्या खुराड्यात दर कोंबडीला निदान एक ते दीड चौरस फूट जागा हवी. अंगणात पळून जायला जागा हवी. बाभळीच्या काट्यांची जुडी, मोडकी बाज, खाली विटा देऊन उपडी घातलेली फुटकी पाटी, ज्याखाली कोंबडी शिरेल पण मोठा कोंबडा शिरणार नाही. दाणा आणि पाणी दोन ठिकाणी ठेवा. तेही असं की एका ठिकाणाहून दुसरं दिसणार नाही. कोंबडा एका जागी पहारा देईल, दुसऱ्या जागी बाकीच्या निवांत खातील. बसायच्या दांड्या एकाच उंचीवर नकोत.

दरवर्षी किंवा दोन वर्षांनी कोंबडा बदला, नाहीतर बापाचं लेकींशीच लागतं आणि पिल्लं कमजोर निघतात. आम्ही गटातल्या गटात, या वाडीचा त्या वाडीला, असे कोंबडे बदलतो. पण नवा कोंबडा आणला की पंधरा दिवस वेगळा ठेवायचा. लस झालीय का, नाकातोंडातून पाणी येतंय का, शेण हिरवं आहे का ते बघायचं, मगच कळपात.

शेवटचा प्रश्न एका आजीचा होता. कोंबडा नातवाच्या अंगावर धावतो, काय करू? आजी, पोराला काठी देऊ नका. काठीनं तो आणखी चवताळतो, आणि पोरगंही कोंबड्यामागं धावायला शिकतं. पोर अंगणात असेल तेव्हा कोंबडा डालग्याखाली ठेवा. पोर लहान असेल, अजून पडत-उठत चालणारं, तर तो कोंबडा घरात ठेवूच नका. चोच आणि काटा पोराच्या डोळ्याच्या उंचीवर येतो. पाहुण्यांना म्हणून कापा नाहीतर बाजारात न्या, पण या आठवड्यातच.

झुलीचं कागदी माप ज्यांना हवं असेल त्यांनी आठवडी बाजारात यावं. वडाखाली अंड्यांच्या पाट्या घेऊन आमच्यातली कुणी ना कुणी बसलेली असते. येताना जुनं सुती कापड आणा, इलॅस्टिक आमच्याकडं आहे.